टॅबलेट, सात-बारा आणि पुरावा: निवृत्त वकिलाचा वापरानंतरचा अनुभव

दिवाळीत टॅबलेट घेतला. आता मृग लागला. मधल्या काळात तो रोज हातात होता, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव देत नाही, कारण दुरुस्तीवरून माझी त्यांच्याशी खटपट झाली आणि ती शेवटी मिटली. शिवाय इथलं बहुतेक सगळं मध्यम किमतीच्या कुठल्याही टॅबलेटला लागू पडेल. माझा अकरा इंची आहे, सिमकार्ड बसतं, सोबत पेन आहे. घाईत असाल तर एवढंच: वाचायला उत्तम, मराठी डिक्टेशनला चांगला पण नजर ठेवावी लागते, दुरुस्तीची सेवा मात्र वाईट.

स्क्रीनचा उजेड, प्रोसेसरचा वेग यांवर सांगणारे पुष्कळ आहेत. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात आणि हायकोर्टाच्या खंडपीठात माझी हयात दिवाणी दाव्यांत गेली. त्यामुळे कुठलीही सोय दिसली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: उद्या वाद उभा राहिला तर हे पुराव्यात टिकेल का? हा अनुभवही त्याच प्रश्नाने लिहिला आहे.

वाचनाबद्दल आधी सांगतो, कारण मला सर्वात मोठा आनंद त्याचाच झाला. कोर्टांचे निवाडे छापणारा ऑल इंडिया रिपोर्टर आमच्या नागपुरातूनच निघतो. त्याचे बांधीव खंड ज्याच्या ऑफिसात ओळीने लागलेले, त्या वकिलाचा वेगळा दरारा असे. नव्याने सनद घेतलेल्या पोराला बार लायब्ररीत खंड मोकळा होईपर्यंत थांबावं लागे. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने आपले अधिकृत निकाल ई-एससीआर या आपल्या ऑनलाइन संग्रहावर सगळ्यांना फुकट खुले केले. आज उमरेडच्या तालुका कोर्टातला ज्युनियर आणि दिल्लीतला सीनियर एकच निकाल एकाच क्षणी उघडू शकतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अक्षर हवं तेवढं मोठं करता येणं मला फार मोलाचं वाटतं. पेनाने समासात खुणाही करतो. वाचनाची जुनी सवय तशीच राहिली, डोळ्यांचा ताण तेवढा गेला.

ई-कोर्ट्सचं ॲप मी जुन्या पक्षकारांसाठी उघडून ठेवतो. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. तो टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखांना काय झालं, झालेले आदेश, सगळं समोर. काटोलकडचे एक शेतकरी मध्यंतरी घरी आले. मी तारीख सांगायच्या आत तेच म्हणाले, "वकीलसाहेब, माझी तारीख सतराची हाय नं, मी पाह्यलं मोबाईलात." फक्त तारीख विचारायला हाच माणूस कितीदा तरी एसटीने नागपूरला आलेला आहे. मुन्शीच्या टेबलाशी अर्धा दिवस उभा राहिलेला मी त्याला पाहिलाय. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेचं खरं यश हे आहे. पक्षकाराला स्वतःच्या खटल्याची माहिती मिळवायला आता कोणाचीच, वकिलाचीसुद्धा, मिनतवारी करावी लागत नाही.

सात-बाऱ्याच्या बाबतीत मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण लोक इथे फसतात. ऑनलाइन सात-बारा दोन प्रकारचा मिळतो. एक फुकट दिसतो, पण त्यावर डिजिटल सही नसते आणि तो फक्त माहितीसाठी असतो. दुसऱ्याला १५ रुपये भरावे लागतात. त्यावर डिजिटल सही असते आणि पडताळणी क्रमांक असतो. तो क्रमांक साइटवर टाकून समोरचा माणूस उतारा खरा की खोटा हे जागेवरच पाहू शकतो. फुकटच्या उताऱ्याचं प्रिंट घेऊन बँकेत किंवा कोर्टात गेलेली आणि हात हलवत परत आलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. पंधरा रुपये वाचवू नका. आणि उतारा पीडीएफ म्हणूनच जपून ठेवा, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवण्यात काही अर्थ नाही. सहीची पडताळणी मूळ फाइलवरच होते.

आता डिक्टेशन. माझा टंकलेखक माझ्याबरोबरच निवृत्त झाला, म्हणून बोलून लिहिण्याची सोय हेच टॅबलेट घेण्यामागचं मुख्य कारण होतं. साधं मराठी तो चांगलं उचलतो. पंखा, कूलर चालू असला तरी फारसं अडत नाही. वादी, प्रतिवादी, फेरफार, वारस ही मंडळी ओळखीची झाली आहेत. "पुरसीस" (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) म्हटलं की अजून "पुरुष" लिहितो, पण ते दिसतं आणि दुरुस्त करता येतं. खरा धोका दुसरीकडे आहे. एका ज्युनियरला मदत म्हणून कैफियतीचा, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराचा, कच्चा मसुदा सांगत होतो. मी म्हटलं "हे कथन नाकबूल" आणि स्क्रीनवर उमटलं "हे कथन कबूल". दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८, नियम ५ प्रमाणे जे स्पष्ट नाकारलं नाही ते मान्य केल्यासारखंच धरलं जातं. इथे तर एक अक्षर गळून उघड कबुलीच तयार झाली होती. अशा मसुद्यावर सही झाली असती तर पक्षकाराचं शेत गेलं असतं. तेव्हापासून मी "प्रतिवादीस हे मान्य नाही" असं पूर्ण वाक्य सांगतो आणि संपलेला मसुदा टॅबलेटकडूनच मोठ्याने वाचून घेतो. डोळा जे स्वतःच भरून काढतो ते कानाला पटकन खटकतं.

टॅबलेटसोबत एक एआय मदतनीसही आला आहे. त्याला वाटणीच्या दाव्यातल्या एका मुद्द्यावर निवाडे विचारले. उत्तर अगदी रेखीव आलं, पक्षकारांची नावं, वर्ष, खंड, पान, सगळं होतं. ई-एससीआरवर शोधलं तर त्यातला एक निवाडा अस्तित्वातच नव्हता. अमेरिकेत असाच प्रकार कोर्टापर्यंत गेला. चॅटजीपीटीने रचलेले निवाडे दाखल केले म्हणून न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने जून २०२३ मध्ये वकिलांना आणि त्यांच्या फर्मला ५ हजार डॉलर दंड केला. केरळ हायकोर्टाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरणच काढलं, निर्णय देण्यासाठी एआय वापरायचं नाही म्हणून. मी या मदतनिसाकडून इंग्रजी पत्राची भाषा सुधारून घेतो, लांबलचक कागदाचा सारांश मागतो. निवाडा मात्र मूळ जागी स्वतः उघडून वाचल्याशिवाय कोणाला सांगत नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे. फोटो, व्हिडिओ, चॅट हे सगळं कोर्टात चालतं का, असं लोक मला लग्नकार्यातसुद्धा विचारतात. चालतं, पण रीत पाळावी लागते. महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. २०१४ च्या विधानसभेला जालन्यात एका उमेदवाराचा अर्ज दुपारी तीनची वेळ टळल्यावर आला की आधी, हा वाद होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवर सगळं अवलंबून होतं. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १४ जुलै २०२० रोजी निवाडा दिला. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करताना पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र अनिवार्य आहे. पण मूळ उपकरणच हजर केलं आणि त्याच्या मालकाने पिंजऱ्यात उभं राहून ते सिद्ध केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही, असं त्यात म्हटलं आहे. म्हणून वाद चालू असताना ज्या फोनवर किंवा टॅबलेटवर तो व्हिडिओ आहे तो एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू नका, रीसेट करू नका.

१ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि ६५ब ची जागा कलम ६३ ने घेतली. प्रमाणपत्राचा नमुना आता कायद्याच्या परिशिष्टातच दिलेला आहे. त्याचे दोन भाग आहेत, पहिला नोंद दाखल करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात उपकरणाची कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय (सिम बसणाऱ्या उपकरणाचा ओळख क्रमांक) असं सगळं विचारलेलं आहे, आणि फाइलची हॅश व्हॅल्यूही. हॅश म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने निघणारा लांबलचक आकडा, तिच्या अंगठ्याच्या ठशासारखा. फाइलमध्ये एक टिंब बदललं तरी आकडा पार बदलतो. इथेच बहुतेकांची गडबड होते. तुटलेल्या धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, फोटो काढला, व्हॉट्सॲपवर भावाला पाठवला आणि गॅलरीतला मूळ फोटो जागा होत नाही म्हणून पुसून टाकला. व्हॉट्सॲप एरवी फोटो दाबून लहान करतं, म्हणजे भावाकडे पोचलेली फाइल मूळ फाइल नव्हेच. तिचा हॅश वेगळा येणार आणि समोरचा वकील बरोबर तिथेच बोट ठेवणार. माझ्या टॅबलेटचा अनुक्रमांक आणि आयएमईआय बिलाच्या मागे लिहून फाइलला लावलाय. महत्त्वाचे मूळ फोटो वेगळ्या पेनड्राइव्हवर न दाबता उतरवून ठेवतो.

शेजारच्या वहिनींच्या खात्यातून पैसे गेले तेव्हा या सवयी कामी आल्या. त्यांनी ओटीपी कोणाला दिला नव्हता, कुठली लिंकही उघडली नव्हती. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावला. मग बँकेत गेलो. तिथे "पहिले पोलीस रिपोर्ट आणा, मग पाहू" असं तोंडी उत्तर मिळालं. त्याच संध्याकाळी टॅबलेटवर अर्ज बोलून लिहिला, व्यवहाराच्या एसएमएसचे स्क्रीनशॉट जोडले आणि बँकेला ई-मेल केला. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक त्यात नमूद केलं. चूक ग्राहकाची नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं असेल तर ग्राहकावर काहीही बोजा नाही, आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर, असं ते सांगतं. ई-मेलवर तारीख-वेळ आपोआप पडते, त्यामुळे तीन दिवसांचा मुद्दा उरलाच नाही. पैसे परत आले. वहिनी अजूनही येता-जाता "भाऊ, तुमच्यामुळे" म्हणतात. पण खरं काम वेळेवर गेलेल्या त्या ई-मेलने केलं.

दुरुस्तीचं आता सांगतो. होळीच्या सुमारास स्क्रीनच्या उजव्या कडेला टच चालेना. सर्व्हिस सेंटरने उघडूनही न पाहता सांगितलं, पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं, जॉबशीटवर तसं लिहून सही करून द्या. द्यायला तयार नव्हते. खरेदीच्या करारात वाद झाल्यास दुसऱ्या शहरातल्या कोर्टाचं कलम टाकलेलं आहे, ते पाहून ग्राहक घाबरतो. घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही. एवढंच ई-मेलमध्ये लिहिलं आणि कंपनीने स्क्रीन फुकट बदलून दिली. पण ज्याला हे कलम ठाऊक नाही त्याने काय करायचं? याचा मला संताप येतो. म्हणून सेवेचे गुण मी कापतो.

टॅबलेट पहिल्यांदा सुरू करताना जी लांबलचक संमती मागतात ती इंग्रजीतच होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अशी सूचना मराठीतही वाचायचा पर्याय द्यावा लागेल असं आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि या जबाबदाऱ्यांसाठी कंपन्यांना १८ महिने दिले आहेत. तोवर लोकेशन, मायक्रोफोन, संपर्क यांच्या परवानग्या सेटिंगमध्ये जाऊन हाताने बंद करा.

बाकी किरकोळ. सौभाग्यवती केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त आहेत. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला चेहरा दाखवून घरूनच झाला. त्यांच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, त्यामुळे ही फार मोठी सोय. मे महिन्यात टॅबलेट गाडीत ठेवला की गरम झाल्याचा इशारा येतो आणि चार्जिंग थांबतं. नागपूरच्या उन्हाला इलाज नाही, सावलीत ठेवावा. बॅटरी दिवसभर पुरते. वजन पडून वाचताना जाणवतं.

घेणार असाल तर सिमचं मॉडेल घ्या, वायफायवर अवलंबून राहू नका. आणि मेमरी २५६ जीबीची घ्या. मूळ फाइल पुसायची नाही असं ठरवलं की १२८ पुरत नाही.