जंगल बुक की द बेअर, पोरांना आधी कुठला दाखवावा?

सुट्टी लागली की आमच्याकडे दरवर्षी हाच घोळ, पोरांना जंगलातला एखादा पिक्चर दाखवायचा तर कुठला. गेल्या मे महिन्यात भावाची दोन पोरं, माझा सहा वर्षांचा मुलगा आणि आई असे सगळे एकत्र होतो, त्यात दोन बघून झाले, २०१६ चा 'द जंगल बुक' आणि १९८८ चा 'द बेअर'. मोगलीची स्टोरी काही सांगत बसत नाही, मोगली माहीत नसलेला माणूस नाशकात तरी मला अजून भेटलेला नाही.

जंगल बुकची बाजू आधी मांडतो कारण ती खरंच भक्कम आहे. हिंदी डबिंग असलं भारी की ओरिजिनल नकोसं वाटतं, शेरखानला नाना पाटेकर, बघीराला ओम पुरी आणि बल्लूला इरफान, तोही पंजाबी ढंगात. आमची आई इंग्रजी पिक्चर लागला की कोथिंबीर निवडायला आत जाते, ती शेवटपर्यंत जागची हलली नाही. आणि ते एवढं मोठं जंगल लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत कॉम्प्युटरवर उभं केलंय, सगळ्या प्राण्यांत खरा काय तो मोगली झालेला नील सेठी, पण बघताना मला तरी कुठे जाणवलं नाही. आपल्याकडे त्याला यूए सर्टिफिकेट, म्हणजे लहान पोरांनी मोठ्यांसोबतच बघावा असं, मिळालं तेव्हा लोक हसले होते, मीही हसलो होतो, पण शेरखानने झेप घेतली तेव्हा आमचं पोरगं सोफ्याच्या मागे होतं, म्हणजे अगदीच उगाच नसावं.

बेअरचं उलट. डायलॉग जवळपास नाहीतच, शिकारी लोक काय ते चार वाक्यं बोलतात, त्यामुळे डबिंग-सबटायटलची भानगडच नाही. गोष्ट कॅनडातली, १८८५ सालची, शूटिंग मात्र युरोपात आल्प्सच्या डोंगरांत. काही ठिकाणी यांत्रिक बाहुल्या वापरल्यात पण बाकी अस्वलं खरी. संथ आहे हे मान्य, आणि सुरुवातीलाच मध खणताना अस्वलीण दगडांखाली जाते, पिल्लू तिथेच केविलवाणं ओरडत बसतं. भावाची धाकटी रडायलाच लागली. मग आईने पिक्चर थांबवायला लावला आणि आपल्याकडचं सांगितलं, ऊसतोडीत बिबट्याचे बछडे सापडतात ना, तर वनखात्याची माणसं ते संध्याकाळी क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात आणि रात्री त्यांची आई येऊन तोंडात धरून घेऊन जाते. पोरं गप्प. पिक्चरपेक्षा तेच जास्त आवडलं बहुतेक.

आता माझं गाडं कुठे अडलं ते सांगतो. जंगल बुक बघून दोन दिवसांनी आम्ही पोराच्या मामाकडे निफाडकडे गेलो. मामाने पोचल्या पोचल्या बजावलं, दिवेलागणीनंतर उसाकडे फिरकायचं नाही, परवाच बिबट्या दिसलाय. झालं, आमचं ध्यान "बघीरा?" म्हणत चपला घालून तयार. आता बघीरा म्हणजे काळा बिबट्याच की, चूक त्याची तरी कशी म्हणणार. समजावलं, रागावलं, मामाने मेलेल्या शेळीची गोष्ट सांगितली, तर म्हणतो, तो मोगलीला कुठे काय करतो! चार दिवस कोणीतरी एक जण अंगणात राखणीला. दुसरीकडे कुठे राहत असतो तर हसून सोडून दिलं असतं, पण इथे गंगापूर रोडच्या कॉलन्यांतसुद्धा बिबट्या शिरलाय, त्यामुळे माणसासारखा प्रेमाने बोलणारा बिबट्या मला तेव्हापासून जरा जडच जातो.

बेअर आम्ही परत आल्यावर बघितला. त्यात शिकारी ज्याच्या मागावर असतात ते मोठं अस्वल शेवटाकडे त्यांच्यातल्याच एकाला एकटं गाठतं, बंदूक हाताशी नाही, अगदी तोंडावर येऊन डरकाळी फोडतं आणि निघून जातं. का सोडलं, ते कोणीच सांगत नाही. मुलाने मला विचारलं, मी म्हणलं मला काय माहीत. बराच वेळ काही बोलला नाही. दिवाळीत मामाकडे गेलो तेव्हा अंधार पडायच्या आधी टॉर्च कुठेय म्हणून त्यानेच विचारलं. आता हे पिक्चरमुळे की सहा महिने मोठा झाल्यामुळे, खात्रीने नाही सांगता येणार, तुमचं पोरगं मुळातच सावध असेल तर बिनधास्त जंगल बुक लावा, मजा त्यातच जास्त येईल. मी मात्र बेअर आधी लावेन, आणि मोगली वर्षभराने.

फक्त मध्येच अस्वलांचा एक तसला सीन आहे, घरात मोठी माणसं असतील तर रिमोट हाताशी ठेवा. मी उठून चहा ठेवायला गेलो, तर आईने बाहेरून ओरडून सांगितलं, माझा बिनसाखरेचा.