तात्या, दहा महिने आणि सलाईनची नळी

विकणाऱ्याने जे सांगितलं नाही ते आधी सांगतो. मी घरात शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, पाळलाय, आणि तो वाटीतलं पाणी पीत नाही. साचलेलं पाणी त्याच्या लेखी पाणीच नसतं. पानावरून ओघळणारा थेंब दिसला तरच पुढे होतो. पहिले चार दिवस मी रोज सकाळी स्टीलची वाटी विसळून ताजं पाणी ठेवायचो आणि संध्याकाळी तेच पाणी मोगऱ्याला घालायचो. पाचव्या दिवशी त्याच्या विष्ठेतला पांढरा भाग गडद नारिंगी दिसला. तेव्हा कळलं, गडी तहानलाय.

मी नाशिकला दिंडोरी रोडला ठिबक सिंचनाच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर द्राक्षबागायतदारांना पाणी कसं द्यायचं ते समजावतो आणि घरात मात्र एका सरड्याला पाणी पाजता येईना. मग मेडिकलमधून सलाईनचा सेट आणला, वर बाटली टांगली, चकतीने थेंब बारीक केला आणि खाली मनी प्लांटचं पान धरलं. दहाएक मिनिटांनी महाशय आले, एक डोळा माझ्यावर आणि दुसरा थेंबावर ठेवून प्यायला लागले. ती जोडणी आजही तीच आहे. नंतर टायमरवर चालणारा फवाराही बसवला, आरओचा बूस्टर पंप आणि पॉलीहाऊसचे एका तोंडाचे दोन फॉगर वापरून. पण पिणं अजून सलाईनचंच. फॉगरला ठिबक थांबवणारा व्हॉल्व्ह जरूर लावा, नाहीतर पंप बंद झाल्यावरही टपटप चालू राहते आणि फरशीचं तळं होतं. बोअरचं पाणी वापरू नका, क्षार धरून नोझल तुंबतात.

प्राण्याबद्दल थोडं. हा व्हेल्ड शॅमेलिऑन, मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या डोंगराळ भागातला. नर, डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा. गेल्या नोव्हेंबरात आणला तेव्हा चार महिन्यांचा होता. डोळे वटारून बघतो म्हणून घरात नाव पडलं तात्या. किंमत इथे लिहीत नाही, घरी सांगितलेला आकडा वेगळा आहे.

कागदांचं मात्र नीट बघा. आपल्या मळ्यात सापडणारा घोयरा सरडा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे, तो पकडायचाही नाही आणि पाळायचाही नाही. ही परदेशी जात साइटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे, त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. 'कागद नंतर पाठवतो' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

आता माझी मोठी चूक. पहिला पिंजरा म्हणून माशांची जुनी काचेची टाकी वापरली. विकणाऱ्याने 'चालतंय की' म्हटलं होतं. चालत नाही. ह्या प्राण्याला खेळती हवा लागते, काचेत ती कोंडते. मग फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन बाय दोन बाय चार फुटांची अॅल्युमिनियमची चौकट करून घेतली आणि पैसे वाचवायला दुकानातलीच नायलॉनची इन्सेक्ट नेट ताणली. आठवड्याभरात त्याला खायला सोडलेल्या रातकिड्यांनी ती कुरतडली. एक किडा देव्हाऱ्यामागे जाऊन बसला आणि अकरा रात्री किरकिरला. बायकोने दिवस मोजले होते. आता धातूची जाळी आहे.

दुसरी चूक जास्त महागात पडली. टाकीसोबत पिळाचा सीएफएलसारखा यूव्हीबी (उन्हातले एक प्रकारचे अतिनील किरण) देणारा बल्ब मिळाला होता, तोच वापरत राहिलो. त्याचा उपयुक्त प्रकाश फार लांब पोचत नाही आणि तात्या बसायचा दीड फूट खाली. वर मला वाटायचं, खिडकीतून ऊन येतंय, मग काय काळजी? पण खिडकीची काच यूव्हीबी अडवते. ते किरण नाहीत तर अंगात डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, डी३ नाही तर कॅल्शिअम पचत नाही, आणि मग शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शिअम ओढायला लागतं. फेब्रुवारीत त्याचा पुढचा डावा पाय कोपरापाशी किंचित वाकडा वाटला. फांदीवरची पकडही दोनदा सुटली. मुलगी म्हणाली, 'बाबा, तात्या म्हातारा झाला का?' तेव्हा तो सात महिन्यांचा होता.

नाशिकमध्ये ज्यांना विचारलं ते कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर, त्यांनी हात वर केले, आणि प्रामाणिकपणे केले. शेवटी पुण्याचा रस्ता धरला. झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा, आत आडवी बांधलेली फांदी, वरून ओढणी. सिन्नर, संगमनेर, चंदनापुरीचा घाट करत चाकणला पोचलो आणि तिथल्या गर्दीत पाऊण तास उभे. एक्स-रेमध्ये हाडं फिकट दिसली. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे, वेळेत आणलंत. तोंडातून द्यायचं कॅल्शिअम लिहून दिलं आणि बल्ब बदलायला सांगितला. आल्या आल्या टी५ प्रकारची लांब यूव्हीबी ट्यूब बसवली, पिंजऱ्याच्या माथ्यावर, बसायच्या फांदीपासून साधारण वीतभर वर. ट्यूब दिसायला जळत राहते पण तिचा यूव्हीबी काही महिन्यांत उतरतो, म्हणून झाकणावर बसवल्याची तारीख मार्करने लिहून ठेवली आहे. पकड महिन्याभरात सुधारली. पायाचा बाक तेवढा राहिला, तो आता जाणार नाही.

खाण्याबद्दल. रातकिडे, डुबिया झुरळं, अधूनमधून मीलवर्म. किड्यांना आधी चांगलं खाऊ घालायचं, कारण त्यांच्या पोटात जे असेल तेच शेवटी तात्याच्या पोटात. आमच्याकडे शेवग्याचा पाला, लाल भोपळा, गाजर. पालक नाही, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शिअमला बांधून ठेवतं. द्यायच्या आधी किडे पिशवीत टाकून साध्या कॅल्शिअमच्या पावडरीत घोळवायचे, वड्याला पीठ लावतात तसे. डी३ असलेली पावडर महिन्यातून दोनदाच. लहानपणी रोज खायचा, आता दिवसाआड चार-पाच किडे पुरतात. मेव्हणा एकदा म्हणाला, नाकतोडे फुकट असताना विकत का घेतोस, मखमलाबादला आमच्या बागेत पोतंभर मिळतील. मिळतील, पण कोणती फवारणी कधी झाली हे त्याच्या बागेत त्यालाही आठवून सांगावं लागतं. बागेचा किडा मी घरात आणत नाही. नर्सरीतून आणलेलं जास्वंदाचं झाडही धुऊन, दोन आठवडे बाहेर ठेवून मग आत गेलं, कारण तात्या पानंही कुरतडतो.

बायकोचं म्हणणं असं की लोक झुरळं मारायला पैसे देतात आणि आमच्याकडे ती कुरिअरने येतात. ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पेस्ट कंट्रोलही दहा महिने बंद आहे.

आता हवा. नाशिकची हवा चांगली, असं आपण पाहुण्यांना सांगतो. सरड्याला सांगायला गेलो तेव्हा बारकावे कळले. डिसेंबरात निफाडचा पारा पेपरात यायला लागला आणि मी घाबरून रात्रीचा लाल बल्ब आणला. तो नको होता. त्याला रात्री अंधार हवा आणि थोडा गारवा चालतो. बाल्कनीतून पिंजरा आतल्या खोलीत आणला, तिथे पंधरा-सोळाच्या खाली गेलं नाही, आणि सकाळी दिव्याखाली जाऊन तो स्वतःच शेकायचा. त्या जागी तीसच्या आसपास तापमान पुरे. खरी परीक्षा मे महिन्याची. आमचं घर वरच्या मजल्यावर, दुपारी खोलीतच अडतीस. तोंड उघडून बसला की समजायचं, फार झालं. शेकायचा दिवा अकरालाच बंद करायचो, पिंजऱ्याच्या एका बाजूला ओलं गोणपाट आणि पहाटे जास्त फवारा. कूलरचा झोत थेट अंगावर नाही. पावसाळ्यात उलटं, हवाच इतकी ओली की दिवसाचा फवारा बंद केला आणि कॉम्प्युटरचा एक छोटा पंखा बाहेर वारा फेकेल असा लावला. दिवसभर दमट राहिलं तर ह्यांच्या छातीत जंतू धरतात.

रंगाचं विचाराल, तर भिंतीला मॅच होण्यासाठी तो रंग बदलत नाही. तापमान आणि मनःस्थिती, एवढंच. कातडीतल्या पेशींमध्ये ग्वानिन नावाच्या पदार्थाचे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांच्यातलं अंतर बदललं की परावर्तित होणारा रंग बदलतो. जिनिव्हाच्या संशोधकांनी हे २०१५ मध्ये पँथर शॅमेलिऑनवर दाखवलं. तात्या सकाळी शेकताना गडद, झोपेत फिकट पोपटी, आणि मेव्हणा आला की अंगभर काळपट पट्टे. हातात घेतलेलं त्याला आवडत नाही. सहन करतो, हे 'माणसाळला' असं समजू नका. दिवसा डोळे मिटून बसला तर मात्र झोपलाय म्हणून सोडून देऊ नका, आजारी आहे.

जुलैत शेजारच्या सोसायटीचा वॉचमन फडक्यात गुंडाळून एक घोयरा घेऊन आला. लोक काठी घेऊन मागे लागले होते, कारण ह्याची फुंकर विषारी असते म्हणे. तो विषारी नसतो, चावला तरी. 'तुमच्याकडे एक आहेच, हा पण ठेवा,' म्हणाला. कायदा सांगितला, मग दोघं जाऊन ज्या बाभळीजवळ सापडला होता तिथेच सोडून आलो. शेपूट गुंडाळत, डुलत डुलत वर गेला. तात्या आयुष्यात एवढ्या उंच फांदीवर चढलेला नाही, आणि परत येताना हे मला थोडं टोचलं.

परत घेईन का? नाही. पाच-सात वर्षं जगतो, तेवढी वर्षं गावाला जाताना फवाऱ्याच्या पाण्याची टाकी कोण भरणार हे ठरवावं लागतं. वीज गेली तर इन्व्हर्टरवर ट्यूब आणि पंप आहेत, शेकायचा दिवा नाही. किडे आणि पावडरी मिळून महिन्याला दीड-दोन हजार जातात. पहिलाच सरपटणारा प्राणी म्हणून तर अजिबात सुचवणार नाही. तात्याला मात्र देणार नाही, दोघांनी विचारून झालं.

रातकिड्यांचा डबा स्वयंपाकघराच्या माळ्यावरून हलवून गॅलरीत ठेवला आहे, हे इथे लिहून ठेवतो. घरचे वाचतात.