एअर पिस्तूल घेताय? आधी सिलिंडरवरची तारीख वाचा (पावसाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव)

पिस्तूल उत्तम आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढे जो संताप येणार आहे तो पिस्तुलावरचा नाही. म्हणूनच कंपनीचं नाव देत नाही. 10 मीटरसाठीचं, मेकॅनिकल ट्रिगरचं आयात पिस्तूल, एवढं पुरे.

मी ऐरोलीत राहतो, सरावाला ठाण्याच्या रेंजवर जातो. पिस्तूल नवंकोरं, सीलबंद खोक्यातलं घेतलं. काही महिन्यांनी सिलिंडरमधली (छर्रा उडवणारी दाबलेली हवा भरायची नळी) हवा रात्रभरात उतरायला लागली. विक्रेत्याला फोन केला तर उत्तर आलं, पिस्तूल पाठवून द्या, तपासणीचे पैसे वेगळे. शेवटी रेंजवरच्या एका जुन्या नेमबाज काकांनी सिलिंडर पूर्ण रिकामा करून तोंडाशी असलेली ओ-रिंग बदलली, सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं आणि गळती थांबली. काही रुपयांचं रबर! (आतला व्हॉल्व्ह मात्र घरी कुणीही उघडू नये.)

त्या वेळी काकांनी सिलिंडर हातात फिरवला आणि म्हणाले, "अरे, ही तारीख बघितलीस का?" कोरलेलं वर्ष खरेदीच्या चार वर्षं आधीचं होतं.

ज्यांना स्पर्धेत उतरायचंय त्यांना यातलं दुखणं लगेच कळेल. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमानुसार निर्मितीपासून दहा वर्षं उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि तो मुदतीत आहे की नाही हे बघणं नेमबाजाचं काम. म्हणजे दहातली चार वर्षं कुणाच्या तरी गोदामात गेली आणि पैसे मी पूर्ण दहाचे मोजले. एक सुटा सिलिंडर म्हणजे आमच्याकडे महिन्याचं घरभाडं. हा पैसा असा सोडून देणं मला जमत नाही.

विक्रेता म्हणाला, "वापरलेला थोडाच आहे? नवाच आहे." मी म्हटलं, पिशवी फोडली नाही म्हणून दुधाची तारीख थांबते का? मग फोटो पाठवा, बिल पाठवा, वरती विचारून सांगतो, असं करत करत फोन उचलणंच बंद. शेवटी बिल घेऊन दुकानात जाऊन बसलो. बिलावर सिलिंडरचा नंबरही नव्हता आणि तारीखही नव्हती. बरीच हुज्जत झाल्यावर ताज्या तारखेचा दुसरा सिलिंडर अर्ध्या किमतीत मिळाला. तो फुकट बदलून मिळायला हवा होता, हे मी आजही म्हणतो. जुना आता फक्त सरावाला. तुम्ही घेणार असाल तर पैसे भरण्याआधी कोरलेल्या तारखेचा स्पष्ट फोटो मागा आणि नंबर बिलावर लिहून घ्या.

आता पिस्तुलाबद्दल. ट्रिगरविषयी माझं मत पार बदललंय. सुरुवातीला वाटायचं, इलेक्ट्रॉनिक घ्यायला हवं होतं. सेकंड स्टेज (ट्रिगर सुटण्याआधीचा शेवटचा दाब) खरखरीत लागायची आणि छर्रे सारखे डावीकडे जायचे. पण 2021 साली टोकियोत पात्रता फेरीत मनू भाकरचं इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं पिस्तूल बिघडलं आणि दुरुस्तीत तिची मोलाची मिनिटं गेली, ते डोक्यातून जात नव्हतं, म्हणून मेकॅनिकलवरच टिकलो. पुढे लक्षात आलं की दोष ट्रिगरचा नव्हताच, ग्रिपचा होता. अंगठ्याच्या बुडाशी लाकडाला फुगवटा होता, त्यामुळे दाब देताना बोट सरळ मागे न येता तिरकं यायचं. तेवढी जागा बारीक कानशीने थोडी थोडी घासली, वर पॉलिश पेपर मारला, तळव्याकडच्या पोकळीत वुड पुट्टी भरली. दर वेळी घासायचं, ड्राय फायर (छर्रा न भरता ट्रिगर दाबणं) करायचं, पुढची साइट हलते का बघायचं, मग पुन्हा घासायचं. आता डोळे मिटून हात उचलला तरी दोन्ही साइट एका रेषेत येतात. हा आनंद पैशात मोजता येत नाही. फक्त खालचा पाम शेल्फ (तळहाताची कड टेकते तो भाग) वर वाकवू नका. ग्रिपशी त्याचा कोन 90 अंशांपेक्षा कमी झाला तर इक्विपमेंट कंट्रोलमध्येच (स्पर्धेच्या साहित्य तपासणीत) अडकाल.

ट्रिगरचं वजन (तो सुटायला लागणारा दाब) 500 ग्रॅमच्या किमान मर्यादेच्या काठावर ठेवायचा मोह टाळा. तपासणीत ते वजन लटकवून पिस्तूल उचलतात आणि ट्रिगर सुटला की संपलं. मी थोडं जास्त ठेवलंय, गुणांत काही फरक पडलेला नाही.

छर्रे दोन-तीन प्रकारचे आणून बघितले. सरावाला स्वस्तातले चालतात.

एक गोष्ट खाडीकाठच्या आपल्या लोकांसाठी. जुलैत इथल्या दमट हवेत सिलिंडर भरायला हातपंप मारला की पंपाच्या ब्लीडमधून (हवा सोडायच्या झडपेतून) अक्षरशः पाण्याचे थेंब उडतात. हेच पाणी सिलिंडरमध्ये जातं आणि आतून गंज धरतो. म्हणून थोडे झटके मारून पंप गार होऊ द्यायचा, ब्लीड उघडायचा, मग पुढे. आणि हवेचा दाब 200 बारच्या वर कधीच नाही. पंपाला ओल शोषणारा फिल्टर लावलाय, त्यातले दाणे रंग बदलले की बदलायचे. पावसाळ्यात अक्रोडाची ग्रिपसुद्धा जराशी फुगते, तेव्हा कानस शक्यतो दिवाळीनंतरच हातात घ्या.