गप्प राहायचा हक्क शिकवणारा कोर्स: घेण्यासारखा आहे, पण एक मोठी उणीव

माझ्या मामेभावाला एका प्रकरणात चौकशीला बोलावलं होतं. घरातले सगळे म्हणाले काही केलं नाहीयेस ना मग सांगून टाक सगळं, घाबरायचं कशाला, आणि तो जे विचारलं ते आणि जे नाही विचारलं ते पण सांगून, वर जबाबावर सही करून घरी आला. मला काही सुचेना, म्हणून मी फौजदारी कायद्यावरचा हा रेकॉर्डेड कोर्स घेतला, वकील नसलेल्या लोकांसाठी आहे.

सगळ्यात भारी लेक्चर नंदिनी सत्पथींच्या केसचं. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री, पोलिसांनी लेखी प्रश्नांची लांबलचक यादी पुढे ठेवली, त्यांनी उत्तरं दिली नाहीत तर त्यावरूनच त्यांच्यावर केस झाली. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की राज्यघटनेच्या कलम २०(३) चं संरक्षण (आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही) कोर्टात उभं राहिल्यावर नाही, पोलीस तपासापासूनच सुरू होतं. शिकवणाऱ्या मॅडम हे अगदी सावकाश उलगडून सांगतात, आणि लगेच हेही सांगतात की याचा अर्थ तोंडच उघडायचं नाही असा नाही, ज्या उत्तराने आपणच गुन्ह्यात अडकू शकतो तेवढं नाकारता येतं, बाकीच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्यावी लागतात. हे मला आधी कोणीच असं नीट सांगितलं नव्हतं.

सहीचा भाग ऐकताना तर मी व्हिडिओ थांबवून मामेभावाला फोन लावला. तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात त्यावर सांगणाऱ्याची सही घ्यायचीच नसते, आधी सीआरपीसीचं (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १६२ होतं, १ जुलै २०२४ पासून बीएनएसएसचं (तिच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) १८१. (फिर्यादीवर सही लागते, ते वेगळं.) आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, कबुली द्यायचीच असेल तर मॅजिस्ट्रेटपुढे, आणि तिथेही आधी मॅजिस्ट्रेटने सांगावं लागतं की तुझ्यावर बंधन नाही, दिलीस तर तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. आणि ऐनवेळी नको म्हणलं तर त्या माणसाला पोलीस कोठडीत पाठवता येत नाही, हे ऐकून मला खरंच बरं वाटलं.

ठसे आणि नार्कोचं लेक्चर छोटं आहे पण ठीक. बोटांचे ठसे, अक्षराचा नमुना द्यावा लागतो (१९६१, ११ न्यायाधीशांचा निकाल), आवाजाचा नमुना पण (२०१९), पण नार्को (औषध देऊन चौकशी), लाय डिटेक्टर, ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरींची तपासणी) संमतीशिवाय नाही, हा सुप्रीम कोर्टाचा २०१० चा सेल्वी निकाल.

आता तक्रार. पहिली दोन लेक्चर्स अमेरिकेच्या १९६६ च्या मिरांडा केसवर खर्च केलीत, ताब्यातल्या माणसाची चौकशी करण्याआधी पोलीस गप्प राहायच्या आणि वकिलाच्या हक्काचा इशारा देतात वगैरे, आणि आपल्याकडे तसा ठराविक मजकूर वाचून दाखवायची पद्धत नाही हे शेवटी एका वाक्यात. नवीन माणूस तेच डोक्यात घेऊन चौकशीला जाईल ना. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ईडी आणि कस्टम्सवर एक शब्द नाही! तिथले अधिकारी कायद्याच्या नजरेत पोलीस धरले जात नाहीत, त्यामुळे कस्टम्स कायद्याच्या कलम १०८ किंवा पीएमएलएच्या (ईडी वापरते तो मनी लॉन्ड्रिंगविरोधी कायदा) कलम ५० खाली दिलेला जबाब पुरावा म्हणून वापरला जातो, त्यावर सही पण घेतात, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कलम ५० कायम ठेवलंय. पोलिसांपुढचे नियम तिथेही लागू आहेत असं समजून कोणी गेलं तर केवढं नुकसान होईल. मी त्यांना मेल केला, दोन महिने झाले, उत्तर नाही.

तरी चार स्टार देतेय. घेणार असाल तर सरळ तिसऱ्या लेक्चरपासून सुरू करा, सहीचा भाग घरातल्या मोठ्यांना सोबत बसवून ऐकवा, आणि समन्स ईडी किंवा कस्टम्सचं असेल तर या कोर्सवर विसंबू नका, आधी वकील गाठा.