1861 चा बांधीव खंड घेतला, शिवणकाम करणाऱ्यांनी नक्की वाचा

मँचेस्टरजवळ राहायला आल्यापासून मनात होतं की व्हिक्टोरियन काळातलं बायकांचं खरंखुरं फॅशन मासिक एकदा तरी हातात धरायचं, शेवटी एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ‘इंग्लिशवुमन्स डोमेस्टिक मॅगझीन’चा 1861 चा बांधीव खंड 45 पौंडांना घेतला.

आधी तक्रार सांगते. दुकानदार म्हणाला सगळी रंगीत चित्रं आहेत, घरी येऊन बघते तर तीन गायब, मुळाशी ब्लेडने कापल्याच्या सरळ खुणा. सुटी चित्रं फ्रेम करून विकली की जास्त पैसे येतात म्हणून चांगले खंड असे कापतात आणि मला याचा फार राग येतो. 10 पौंड परत मिळाले, पण चित्रं थोडीच येणारेत. तुम्ही घ्याल तेव्हा दुकानातच एकेक पान उलटून मोजा.

आता खंडाबद्दल. हे मासिक श्रीमंत बायकांसाठी नव्हतं हो, सॅम्युअल बीटनने 1852 मध्ये ते फक्त 2 पेन्सला सुरू केलं होतं, मध्यमवर्गीय घरांसाठी. 1860 ला किंमत 6 पेन्स झाली आणि सोबत पॅरिसची रंगीत चित्रं नि कापड बेतायचे कागदी पॅटर्न यायला लागले, त्यासाठी तो आणि बायको इझाबेला स्वतः पॅरिसला जाऊन आले होते. इझाबेला म्हणजे स्वयंपाकाच्या जाडजूड पुस्तकामुळे प्रसिद्ध झालेली मिसेस बीटन, फॅशनचं सदर तीच लिहायची. 1865 मध्ये गेली बिचारी, अवघी 28 वर्षांची.

चित्रं छापून मग हाताने रंगवलेली आहेत. एकात जांभळ्या गाऊनचा रंग रेघेबाहेर येऊन बाईच्या दोन बोटांना लागलाय, कुणाचा तरी ब्रश जरासा घसरला असणार, मी ते पान किती वेळ बघत बसले होते. आणि शेजारची बाई पाठमोरी उभी केलीय, म्हणजे मागची बाजू कशी शिवायची तेही कळतं.

पण खरा खजिना म्हणजे घडी घालून ठेवलेला पॅटर्नचा कागद. नशिबाने माझ्या खंडात एक शाबूत होता. सगळे भाग एकाच कागदावर एकमेकांवर छापलेत, कुठे तुटक रेघ, कुठे ठिपके, एक रेघ पकडून ट्रेसिंग पेपरवर उतरवायला मला अख्खी संध्याकाळ लागली. माप एकच, शिवणीला माया सोडलेली नाही, कृती अगदी दोन ओळींची, कारण वाचणारीला शिवता येतं हे धरूनच लिहिलंय. नवशिक्यांनी याच्या नादी लागू नये.

नुसतं बघायचं असेल तर असे खंड ऑनलाइन फुकट आहेत, अमेरिकेचं तसंच मासिक ‘गोडीज लेडीज बुक’सुद्धा मिळतं, पण मी बघितलेल्या स्कॅनमध्ये घडीचे कागद उघडलेलेच नव्हते. कॉर्सेट, म्हणजे कंबर बारीक दिसावी म्हणून आत घालायची ताठ चोळी, किती आवळावा यावरची वाचकांची गाजलेली पत्रं हवी असतील तर 1867 च्या पुढचे खंड शोधा, यात ती नाहीत.

त्या पॅटर्नच्या कागदावरची कोपराखाली फुलत जाणारी पॅगोडा बाही मी आधी मांजरपाटावर बेतून बघितली. मुंढ्यात दीड इंच वाढवावं लागलं, पण हात वाकवल्यावर घेर जसा पडतो ना, तो अगदी चित्रातल्यासारखा. आता सिल्कवर करणार आहे.