खाऱ्या पाण्याच्या टँकचं फिल्टरेशन: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

टँक १२० × ४५ × ४५ सेंमी, म्हणजे काठोकाठ भरला तर २४३ लिटर. खाली तीन कप्प्यांचा सम्प (उपकरणं ठेवायची वेगळी टाकी), त्यात २०० मायक्रॉनचा फिल्टर सॉक (घाण अडवणारी कापडी पिशवी), नीडल-व्हील पंपाचा प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांच्या फेसाबरोबर सेंद्रिय मळ वरच्या कपात काढणारं यंत्र), कार्बनचा छोटा रिअ‍ॅक्टर आणि पाणी परत वर नेणारा डीसी रिटर्न पंप. वर सच्छिद्र लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेला दगड), मोजके मासे, बहुतेक सॉफ्ट कोरल. खालची मतं अशा मध्यम लोडच्या (मासे आणि घाण बेताची असलेल्या) टँकसाठी आहेत. मोठे खादाड मासे असतील तर साफसफाईचे दिवस निम्म्यावर आणा.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करण्याचं काम दगडावरचे आणि वाळूतले जिवाणूच करतात. विकत घेतलेली उपकरणं प्रामुख्याने घाण सडण्याआधी बाहेर काढण्यासाठी. म्हणून दगड पुरेसा असेल तर बायोबॉल, सिरॅमिक रिंगा वगैरे जिवाणूंना जागा देणाऱ्या वस्तूंवर खर्च करण्यात फारसा अर्थ नाही.

स्किमरवर मात्र हात आखडता घेऊ नका. खोक्यावरचा लिटरचा आकडा सहसा अगदी कमी मासे धरून दिलेला असतो. आपल्या पाण्याच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा घेतला की जमतं. त्याहून मोठा घेतला तर उलटा त्रास: पाण्यात तेवढा सेंद्रिय मळच नसतो, फेस मानेपर्यंत चढून टिकत नाही आणि कप कोरडा राहतो. नवा स्किमर पहिला आठवडा-दोन आठवडे एकतर काहीच काढत नाही, नाहीतर कप भरभरून ओततो. कारखान्यातला तेलकट थर जाऊन आतून जिवाणूंचा पातळ थर बसेपर्यंत हे चालतं. तोवर व्हॉल्व्हशी रोज झटापट करू नका.

त्यानंतर सगळा खेळ पाण्याच्या पातळीचा. बऱ्याच मॉडेलना १८ ते २२ सेंमी खोली लागते आणि एका सेंटिमीटरच्या फरकानेही फेस बदलतो. स्किमरचा कप्पा पडदीने बांधलेला हवा, म्हणजे बाष्पीभवनाची घट फक्त रिटर्न पंपाच्या कप्प्यात दिसते. तिथेच ऑटो टॉप-ऑफचा (घटलेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राचा) सेन्सर बसवायचा आणि भर गोड्या आरओ-डीआय (क्षार काढून शुद्ध केलेल्या) पाण्याचीच घालायची, कारण मीठ उडून जात नाही. कप्प्यातलं पाणी लागतं त्याहून खोल असेल तर स्किमरखाली स्टँड ठेवा.

कपाची मान दर तीन-चार दिवसांनी पुसा. तिथे चरबीचा थर बसला की फेस वर चढायचाच थांबतो, आणि लोक बिचाऱ्या पंपाला दोष देतात. हवेच्या नळीच्या तोंडाशी मिठाचा खडा हळूहळू जमतो, त्यामुळे हवा कमी झालेली लक्षात येत नाही. महिन्यातून एकदा त्या नळीतून कोमट पाणी ओढू द्या. तीन-चार महिन्यांनी पंप निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी अशा मिश्रणात तासभर चालवा. इम्पेलरचा (पंपातल्या फिरत्या चाकाचा) सिरॅमिक दांडा सरळ ओढा, तिरका केला की मोडतो. तेलकट खाद्य घातल्यावर फेस काही तास बसतो. तो बिघाड नव्हे.

फिल्टर सॉक पाणी काचेसारखं ठेवतो, पण चार-पाच दिवसांत तुंबतो. तुंबला की पाणी काठावरून वाहतं आणि तो असून नसल्यासारखा. १०० मायक्रॉनचा तर त्याहून लवकर. सहा-आठ सॉक आलटून पालटून वापरा. उलटा करून जोरदार धारेखाली धुवा, थोड्या ब्लीचमध्ये भिजवा, भरपूर खळबळा आणि क्लोरीनचा वास जाऊन पूर्ण वाळेपर्यंत टँकमध्ये नेऊ नका. साबण किंवा फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. एवढं जमणार नसेल तर रोलर फिल्टर (गाळणीच्या कापडाची गुंडाळी आपोआप पुढे सरकवणारा) बरा, फक्त सम्पमध्ये त्याची उंची मावते का ते मोजून घ्या.

सम्पला जागा नसेल तर कॅनिस्टर (बंद डब्यातला फिल्टर) चालतो. त्याला नायट्रेटची फॅक्टरी म्हणतात ते न धुतल्यामुळे. स्पंज एक-दोन आठवड्यांनी साफ झालाच पाहिजे. वीज काही तास गेली तर बंद डब्यातला ऑक्सिजन संपतो, जिवाणू मरतात. वीज आल्यावर ते पाणी टँकमध्ये न सोडता आधी फेकून द्या.

वीज गेल्यावर सम्पमध्ये किती पाणी उतरेल याचा हिशोब खरेदीआधीच करा. या मापाच्या टँकमध्ये पातळी २ सेंमी उतरली तर १०.८ लिटर, आणि रिटर्नचं नोझल ५ सेंमी खोल असेल तर सायफनने २७ लिटर खाली येतात. नोझल पृष्ठभागाजवळ ठेवा आणि पाण्याच्या रेषेलगत नळीला छोटं भोक पाडा, म्हणजे हवा शिरून सायफन तुटतो. ते भोक शेवाळाने बुजतं, दर महिन्याला टोकरा. चेक व्हॉल्व्हवर (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपेवर) विसंबू नका. त्यात एखादी गोगलगाय अडकली तरी तो गळतो. पंप बंद करून पाणी किती चढतं ते पाहा आणि त्यानुसार सम्पवर चालू अवस्थेतल्या कमाल पातळीची खूण करा.

कार्बन आरओच्या पाण्यात काळपट पाणी थांबेपर्यंत धुवा, तीन-चार आठवड्यांनी बदला. पिवळटपणा आणि कोरलांनी सोडलेली रसायनं त्याने जातात. फॉस्फेट काढणारं जीएफओ (लोहाच्या ऑक्साइडचे दाणे) सुचवलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरू करा. फॉस्फेट झपाट्याने कोसळलं की कोरल पांढरे पडू लागतात. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम पुरे. दोन्ही शून्यावर नेलं की बऱ्याचदा डायनोफ्लॅजेलेट्सचे बुडबुडेवाले तपकिरी धागे वाळूवर पसरतात, आणि ते शेवाळापेक्षा चिवट.

यूव्ही दिवा सुरुवातीला नको. त्याऐवजी स्किमर आणि रिटर्न पंपाचा एकेक इम्पेलर आणि ओ-रिंग घरात ठेवा. मॉडेल घेतानाच सुटे भाग मिळतात का ते विचारा. नाहीतर चार वर्षांनी छोट्याशा भागासाठी अख्खा पंप बदलावा लागतो.