बाळीवेशीतली उखळातली शेंगा चटणी अन कडक भाकरी, नक्की घ्या

सोलापुरात शेंगा चटणी गल्लोगल्ली मिळते पण बाळीवेशीतल्या या काकूंच्या घरगुती दुकानातली वेगळी हाय, कारण इथं अजून उखळात कुटतात. मिक्सरला दाण्याचा नुसता भुगा होतो, कुटल्यावर तेल सुटतं अन लसूण, जिरं, तिखट सगळं त्या तेलात मुरतं, चटणी हाताला ओलसर लागते आणि तिचे गोळे होतात. आमची आज्जी अशीच करायची. ती गेल्यापासून उखळ पडूनच हाय, आईचे खांदे दुखतात, अन विकतची चटणी बाबा बोट लावून बाजूला सारायचे. ही खाल्ली आणि म्हणाले, लसूण आईच्या हातचा वाटतोय.

काकूंचं आवडलं ते म्हणजे ऑर्डर घेताना विचारतात, तुमच्या घरी कशी करायचे? तिखट किती, लसूण किती, बारीक का जाडसर. आम्ही जाडसर सांगितली, तशीच दिली.

कडक भाकरीपण घ्याच. मालदांडी ज्वारीची, पापडासारखी पातळ, महिनाभर टिकते, आमटीत चुरून खावा नाहीतर दह्यात. आमचे पणजोबा जुन्या मिलमध्ये कामाला होते, तीच १८७७ ची कापडाची मिल, त्यांच्या फडक्यात रोज हीच भाकरी अन चटणी असायची म्हणे. त्यांचा एक फोटोसुद्धा नाही आमच्याकडं पण ते काय खायचे ते माहितीय आणि तेच आम्ही आज खातोय, मला ह्याचं लई मोल वाटतं. म्हणून यंदा म्हाळाला खीर, वडे, कढीच्या जोडीला पानात ही भाकरी-चटणी पण वाढली. चुलते म्हणाले हे कुठं वाढतात का म्हाळाला, तर आई म्हणाली, त्यांनी जन्मभर खाल्लं तेच त्यांना आधी ओळखू येणार.

शेंगा पोळी ठीक हाय, गूळ जरा जास्त, आमच्याकडं तीळ पण घालायचे. पुण्या-मुंबईच्या नातेवाईकांना पाठवणार असाल तर भाकरी कुरियरनं नको, चुरा होतो, कोणी जाणारं असेल त्याच्याकडं डब्यात द्या. आणि संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा गर्दी असते, संक्रांतीच्या आधीच सांगून ठेवा.